ओल्या भिंतींची पाहणी पुन्हा करा : वडोदऱ्याच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, वडोदरा महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, वडोदरा

विषय : पुरात बुडालेल्या, पण न पडलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी मदत

महोदय,

घरदुरुस्तीच्या कामात असलेले आम्ही काही गवंडी, वायरमन, प्लंबर आणि बांधकामावर देखरेख करणारे लोक हे पत्र लिहीत आहोत. आम्ही दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या मराठी वस्तीत राहतो. कामे मात्र फतेगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, परशुराम भठ्ठा, पार वडसरपर्यंत चालतात. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. या दोन पुरांत बुडालेल्या घरांच्या भिंती आजही आमच्या हाताखालून जात आहेत. त्या पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत, आणि का झाल्या नाहीत हे आम्ही सांगू शकतो.

नदीसाठी काम झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्रातला गाळ काढला, पात्र रुंद केले. ते हवेच होते. पण बुडालेल्या घरांचे पुढे काय करायचे, यासाठी शहराकडे कोणतीही योजना नाही. पाणी ओसरले, रोख मदत वाटली, पंचनामा झाला, की घर ज्याचे त्याने बघायचे. ही गोष्ट आम्हाला गप्प बसून मान्य करता येत नाही.

आधी पैशाचे बोलू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायच्या मदतीचे निकष केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ठरवून दिले. सपाट प्रदेशात पक्के घर पूर्ण पडले तर १,२०,००० रुपये. अंशतः नुकसान झाले तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. कपड्यांसाठी २,५००, भांडीकुंडी आणि घरसामानासाठी २,५००. एक लाख वीस हजार आणि साडेसहा हजार यांच्या मधे काहीच नाही. वडोदऱ्यातली बहुतेक बुडालेली घरे नेमकी या मधल्या जागेत आहेत. ती पडली नाहीत. चार-पाच फूट पाण्यात उभी राहिली आणि आतून भिजली.

त्यात ही १५ टक्क्यांची अट. पाणी ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पाहणीला आलेला माणूस काय पाहणार? भिंत उभी, छप्पर जागेवर, लादी चिखलाखाली. ओले प्लास्टर बाहेरून धडधाकट दिसते. ते विटेपासून सुटते सुकताना, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. दरवाजे त्या दिवशी फुगलेले असतात, त्यांचा बाक नंतर कळतो. लादीखालची भरणी वाहून गेली असेल तर लादी खचते पुढच्या उन्हाळ्यात. तारांच्या सांध्यांवर हिरवट गंज चढतो, तो स्विचबोर्ड जळेपर्यंत दिसत नाही. पाहणी आठवड्यात होते आणि नुकसान सहा महिन्यांत बाहेर येते, ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

भिंतीचे काय होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

खोलीत चार फूट पाणी उभे राहिले तर ओल चार फुटांवर थांबत नाही. वीट पाणी वर ओढते, आणि ओलीची रेघ पाण्याच्या खुणेच्या फूट-दीड फूट वर जाते. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी, माती आणि क्षार मिसळलेले असतात. भिंत सुकू लागली की हे क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पुट्टीच्या आड क्षाराचे खडे वाढले की पुट्टीचे पापुद्रे उचलले जातात, मग रंग, मग प्लास्टर. अशा भिंतीवर कितीही महागडे वॉटरप्रूफिंग आतून लावले तरी उपयोग नाही. पाणी आत कोंडते आणि जरा वर जाऊन फुटते. लोणा धुऊनही काढायचा नसतो. पाणी मारले की क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचा, आणि येत राहील तोवर दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडायचा.

म्हणून भिंतीचा क्रम असा : हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायचे. पोकळ आवाज आला तिथले सिमेंट-प्लास्टर छिन्नीने पाडायचे, आणि पाण्याच्या खुणेच्या दीड फूट वरपर्यंत वीट उघडी करायची. पीओपी आणि जिप्समचे काम भिजले असेल तर ठोकून पाहण्याचीही गरज नाही, ते काढायचेच, कारण जिप्सम पाण्यात मऊ पडतो आणि पुन्हा पूर्वीसारखा घट्ट होत नाही. सांध्यातला सैल माल खरवडायचा. मग थांबायचे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली, वारा खेळता असला, तरी तिला सुकायला काही महिने लागतात. एक बाजू शेजारच्या घराला टेकलेली असेल, जशी पोळींमधून, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतून, असतेच, तर त्याहून जास्त. सुकली की नाही हे पाहायला यंत्र हवेच असे नाही. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. आतून दव जमले तर भिंत अजून ओली आहे.

आता हिशेब पाहा. दहा बाय बाराची एक खोली, चार फूट पाणी. साडेपाच फुटांपर्यंत प्लास्टर काढायचे तर दार-खिडकी वजा जाता साधारण २२० चौरस फूट भिंत उघडी होते. त्यातून निघणारा राडारोडा अर्ध्या टनाच्या आसपास. पुन्हा बारा मिलिमीटर जाडीचे, एकास सहाचे प्लास्टर करायला सिमेंटच्या दोन गोण्या आणि बाराएक घनफूट रेती पुरते. म्हणजे साहित्य फारसे नाही. खर्च मजुरीचा, राडारोडा उचलण्याचा आणि मधल्या काळात दुसरीकडे राहण्याचा आहे. घराला चार खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी धरा आणि साडेसहा हजार रुपयांत यातले किती होईल हे आपल्याच अभियंत्यांकडून मोजून घ्या. गोणीभर सिमेंट वाटून हा प्रश्न सुटत नाही. हात आणि वेळ यांची मदत हवी आहे.

आणि वेळच मिळत नाही. पूर ऑगस्टअखेरीस आला तर महिनाभरात नवरात्र, मग दिवाळी. मदतीचे पैसे एकरकमी हातात आलेले असतात, घर कळकट दिसत असते, पाहुणे यायचे असतात. लोक ओल्या भिंतीवरच प्लास्टर, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारून घेतात. होळीपर्यंत सगळे खाली येते. त्या कुटुंबाने मदतीचे पैसे खर्च केले आणि घर होते तसेच राहिले. यात त्यांची चूक आम्ही मानत नाही. थांबा म्हणून सांगणारे त्यांच्याकडे कुणी पाठवलेच नाही.

जुन्या पोळींमधल्या आणि वाड्यांमधल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची दखल कुठल्याच अर्जात नाही. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे चुन्यात किंवा मातीत बांधलेली वीट, वर लाकडी माडी. चुन्याची भिंत भिजते तशी सुकतेही, कारण ती ओल बाहेर सोडते. गेल्या वीस-तीस वर्षांत तिच्यावर सिमेंटचे कडक प्लास्टर चढले आणि ओल आत अडकू लागली. तिथे दुरुस्ती चुन्याचीच हवी : मुरवलेला चुना एक भाग, रेती किंवा रेती-सुरखी (विटेची भुकटी) तीन भाग, दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थर ओढून घेतल्यावर पुढचा. वर पहिले वर्षभर नुसती चुन्याची सफेदी. मातीच्या मालातल्या भिंतीचे तळाचे थर पाण्याने धुतले गेले असतील तर लांबीने दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त भिंत एका वेळी उघडायची नाही; वरचा भार टेकूवर घ्यायचा, तेवढा भाग बांधायचा, तो धरला की पुढचा. सगळा पायथा एकदम खोदला की भिंत बसते. हे काम येणारे कारागीर शहरात थोडे उरले आहेत, आणि अर्जाच्या रकान्यात मात्र अशा घराला पक्के म्हणायचे की कच्चे, इथेच गाडी अडते.

विजेबद्दल आमच्यातल्या वायरमन मंडळींचे म्हणणे कळकळीचे आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. पाणी ओसरले, वरून पुरवठा सुरू झाला, की घरोघरी मेन स्विच वर केला जातो. बुडालेला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा ब्रेकर), आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा ब्रेकर), स्विच, सॉकेट हे उन्हात सुकवून वापरण्याच्या वस्तू नाहीत. आत बारीक गाळ बसतो, स्प्रिंग आणि संपर्क गंजतात, आणि गरज पडेल तेव्हा ब्रेकर पडत नाही. ते बदलायचेच. पाइपातल्या पीव्हीसी तारा बहुधा वाचतात, पण बोर्डातले आणि जंक्शनमधले सांधे उघडून, कापून नवे करावे लागतात. पाइपात गाळ असेल तर तार ओढून काढून पाइप साफ करावा लागतो. मग सगळी उपकरणे सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तारांचे इन्सुलेशन तपासायचे. एक मेगाओहमच्या खाली आले तर ती लाइन चालू करायची नाही. अर्थिंगचा खड्डा गाळाने भरला असेल तर तारेची जोडणी उघडून पाहायची, कारण तिथला नट गंजला की घराला अर्थिंग आहे हा नुसता समज राहतो. शेवटी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा आणि त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे घरच्या माणसाला दाखवायचे.

नवे वायरिंग जुन्याच उंचीवर करणे म्हणजे पुढच्या पुराची वाट पाहणे आहे. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड त्या गल्लीतल्या पुराच्या खुणेच्या किमान फूटभर वर हवा. तळमजल्याच्या खालच्या सॉकेटची लाइन वेगळ्या एमसीबीवर हवी, म्हणजे पाणी शिरू लागल्यावर तेवढी बंद करून वरच्या मजल्याचे दिवे चालू ठेवता येतात. हे घरमालक करू शकतो. मीटर मात्र वीज कंपनीचा असतो, त्याला आपल्या मर्जीने हात लावता येत नाही. अनेक सोसायट्यांत सगळ्या घरांचे मीटर तळघरात किंवा पार्किंगच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला आहेत. ते बुडाले की चौथ्या मजल्यावरचे कोरडे घरही अंधारात जाते आणि टाकीत पाणी चढत नाही.

पाण्याच्या टाक्यांबाबत तर घाईनेच नुकसान होते. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले की पहिला विचार ती पूर्ण उपसण्याचा येतो. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब तिला खालून उचलतो आणि तळाला तडा जातो. मग ती टाकी कायमची झिरपते. जमिनीतले पाणी उतरेपर्यंत थांबावे लागते, आणि म्हणून तोवर टँकर चालू राहावे लागतात. टाकीत उतरण्याआधी झाकण काही तास उघडे ठेवायचे, हवा खेळवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वर एक माणूस सतत हजर ठेवायचा. आत कुजलेल्या गाळाचा वायू साठलेला असू शकतो. गाळ काढून, भिंती घासून, टाकी स्वच्छ पाण्याने भरायची आणि दर हजार लिटरला १५० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी ओतायची. एक दिवस ठेवायचे, त्यातले थोडे पाणी नळांतून सोडून पाइपही धुवायचे, मग सगळे पाणी टाकून द्यायचे. त्यानंतरच्या रोजच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. ही मापे ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीची आहेत. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीत जोर राहत नाही. वाटप करताना पोत्यावरची तारीख पाहून करावे.

गटाराचे पाणी घरात येते ते बहुतेक वेळा दारातून नाही, संडासातून आणि न्हाणीच्या मोरीतून. बाहेरची लाइन भरली की ती उलटी वाहते, आणि रस्त्यावर पाणी चढण्याआधीच तळमजल्याचे घर भरते. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर हे थांबते. घराच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या मापाचा, साधारण ११० किंवा १६० मिलिमीटरचा, झडपेवर झाकण उघडून साफ करता येईल असा. झडपेत कचरा अडकला की ती बंद होत नाही, म्हणून दर मे महिन्यात ती उघडून धुवावी लागते. शिवाय झडप बंद असताना घरातलेही पाणी वापरायचे नसते, कारण ते बाहेर जाऊ शकत नाही. एवढ्या साध्या वस्तूने तळमजल्यावरची किती घरे वाचतील याचा विचार व्हावा.

लाद्या आणि पाया यांबद्दल थोडक्यात. खचलेल्या लाद्यांवर नवी लादी बसवून काही होत नाही. ठोकून पोकळ लागलेल्या उचलायच्या, खालची भरणी सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मस करून भरायची, मगच कोबा. जिथे पायाखाली काळी माती आहे तिथे ती भिजून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तडे पावसाळ्यानंतर नाही, एप्रिल-मे मध्ये उघडतात. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा असला तर हे बरेच आटोक्यात राहते. तडा जिवंत आहे की मेलेला, हे पाहायला त्यावर काचेची पट्टी पीओपीने चिकटवून तारीख लिहायची. काच तुटली तर भिंत अजून हलते आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, पाच मिलिमीटरहून रुंद तडा असेल तर गवंड्याने नव्हे, अभियंत्याने पाहायला हवे. सोसायट्यांच्या पार्किंगमधले आरसीसी खांबही तसेच : पायथ्याशी काँक्रीटचे कवच फुगले असेल तर आतली सळई गंजते आहे. सैल कवच काढून, सळई चकचकीत घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मालाने भरावे लागते. वरून सिमेंटचा हात फिरवला की गंज आत चालूच राहतो.

दरवाज्यांबद्दल एकच गोष्ट : फुगलेला दरवाजा लगेच रंधू नये. सागवान सावलीत, सरळ टेकवून सुकवले तर बरेचसे मूळ मापावर येते. रंधलेल्या दरवाज्याला हिवाळ्यात बोटभर फट पडते. पार्टिकल बोर्डची कपाटे मात्र वाचत नाहीत, ती पहिल्या दिवशीच बाहेर काढावीत.

चिखलाचा विषय महापालिकेच्या थेट हातात आहे. विश्वामित्रीचा गाळ ओला असताना फावड्याने निघतो, सुकला की छिन्नी लागते. म्हणून तो पहिल्या दोन-तीन दिवसांत काढावा लागतो. तो गटारात लोटला की लाइन तुंबते आणि पुढच्या सरीला तेच पाणी पुन्हा घरात. तो रस्त्याच्या कडेला ठेवायला सांगितले पाहिजे आणि ट्रॅक्टर ठरल्या वेळी आला पाहिजे. याच दिवसांत मगरी आणि साप वस्तीत शिरलेले असतात, हे या शहराला वेगळे सांगायला नको. तळमजल्याच्या बंद खोल्या आणि टाक्या उघडण्याआधी वन खात्याची माणसे कुठे, कशी मिळतील हे प्रत्येक गल्लीत कळलेले हवे.

कागदपत्रांची तक्रारही नोंदवतो. जुन्या घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबा-पणजोबांची नावे आहेत, वारस चार शहरांत विखुरलेले आहेत, आणि राहतो आहे तो त्यांच्यातला एक किंवा जुना भाडेकरू. घराची मदत मालकाच्या नावाने निघते आणि ओल्या भिंतीत राहणारा वेगळाच असतो. कागद भिजलेले असतात ते वेगळेच. घराचा विमा असला तरी सुटका नाही. २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेला आहे, पण पाणी किती चढले होते याचा पुरावा लागतो, आणि लोक साफसफाईत भिंतीवरची खूण पुसून टाकतात. पाणी उतरताच, झाडू लावण्याआधी, प्रत्येक भिंतीवरची रेघ मोजपट्टी धरून फोटोत घ्यावी, एवढा निरोप वेळेवर गेला तरी अनेकांचा दावा उभा राहील.

आता मागण्या. या सगळ्या एकदम होतील असे आम्ही म्हणत नाही. पण पहिल्या तीन गोष्टींना नवा पैसा फारसा लागत नाही आणि त्या येत्या पावसाळ्याआधी होऊ शकतात.

पाहणी दोनदा व्हावी. पहिली आजच्यासारखी, पहिल्या आठवड्यात. दुसरी तीन महिन्यांनी, आणि तिच्यात प्लास्टर, वायरिंग, लादी, टाकी, दरवाजे आणि तडे यांचे वेगवेगळे रकाने असावेत. पहिल्या पाहणीत नाव नसलेल्या घरालाही दुसरीत अर्ज करता यावा.

दुरुस्तीची मदत दोन हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता चिखल, प्लास्टर काढणे आणि विजेची तपासणी यांसाठी, लगेच. दुसरा भिंत सुकल्यावर, प्लास्टर आणि रंगासाठी. त्याने घाईच्या कामावर पैसा वाया जाणे थांबेल.

पाण्याच्या पातळीचा गल्लीनिहाय दाखला वॉर्ड ऑफिसने स्वतः काढावा, आणि २०१९ व २०२४ च्या खुणा विजेच्या खांबांवर कायमच्या रंगवाव्यात. मदत, विमा आणि नव्या बोर्डाची उंची, तिन्हींना तोच आधार राहील.

प्रत्येक पूरग्रस्त वॉर्ड ऑफिसात अवजारांचा साठा असावा : चिखल ओढणारे पंप, प्लास्टर फोडायची यंत्रे, मेगर, ओल मोजायचे मीटर, पाच-सहा मोठे पंखे. ती अवजारे अनामत ठेवून, पाळीपाळीने मिळावीत. बुडालेल्या घराचा पुरवठा सुरू करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून विनामूल्य तपासणी व्हावी. मीटर उंचावर हलवण्याचे शुल्क पूररेषेखालच्या घरांना आणि सोसायट्यांना माफ व्हावे, त्यासाठी आपण वीज कंपनीशी बोलावे. तळमजल्याच्या घरांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह महापालिकेने बसवून द्यावा.

६,५०० आणि १,२०,००० यांच्या मधे, उभ्या पण भिजलेल्या घरासाठी, पाण्याची उंची आणि खोल्यांची संख्या धरून ठरवलेला एक टप्पा राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून जोडावा, अशी शिफारस आपण लेखी करावी. २०२४ च्या पुरानंतर दुकाने, केबिन आणि हातगाड्या यांच्यासाठी राज्याने आकार किंवा उलाढाल पाहून वेगळी मदत जाहीर केली होती. तसे घरांसाठीही करता येते.

राहत्या माणसाला मदत मिळण्यासाठी घरवेऱ्याची (घरपट्टीची) पावती, वीजबिल किंवा शेजाऱ्यांसमोरचा पंचनामा यांपैकी एक पुरावा पुरेसा धरावा. मदतीचे माहितीपत्रक गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्ही भाषांत छापून मे महिन्यात घरोघर जावे, पूर आल्यावर नाही. आणि चुन्याचे काम येणाऱ्या कारागिरांची नोंद करून, त्यांच्या हाताखाली तरुण मुलांना शिकण्यासाठी रोजंदारी मिळावी.

शिकवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. भिंत ठोकून कशी ओळखायची, प्लास्टर कुठवर काढायचे, मेगर कसा लावायचा, टाकी कधी उपसायची, हे पाहणीला जाणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना एका बुडून गेलेल्या घरातच दोन दिवसांत दाखवता येईल. त्याचे मानधन नको. घर आम्ही सुचवू, मालकाची परवानगी आम्ही आणू. पावसाळ्याआधीचे दोन दिवस आपण ठरवून वॉर्ड ऑफिसातून कळवावेत, आणि वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नाही आणि का नाही, याचे लेखी उत्तर फलकावर लावावे, ही विनंती.

आपले,
दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडी भागांतले घरदुरुस्ती कारागीर
वडोदरा